‘देवाचं काय दिलं?’ विचारणारी सिस्टर

रिना सिस्टरला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती नंदुरबारच्या त्या दवाखान्याच्या ओसरीत फरशीवर मांडी घालून बसली होती. शेजारी डोंगरातून आलेली एक म्हातारी. दोघी डोंगरातल्या पावरी बोलीत काहीतरी बोलत होत्या आणि हसत होत्या. अंगावर पांढरा कोट होता म्हणून बरं, नाहीतर मी तिलाच विचारलं असतं, की बाई, तुमचा नंबर कितवा? बसायला खुर्ची असताना ही खाली का बसते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. म्हातारी माणसं उभ्या माणसाला ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच सांगतात. बाकीचं सगळं बसलेल्याला सांगतात.

माझं म्हसावदला ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना नळी कुठे गळते ते दाखवतो. आणि माझ्याच घरात, पोरीने दूध प्यायलं की ते तिच्या नाकातून बाहेर गळायचं. दीपमाला तिचं नाव, दिवाळीत झाली म्हणून आईने ठेवलेलं. आम्ही दीपू म्हणतो. ओठ अगदी छान, चेहऱ्याला कुठे काही नाही, पण तोंड उघडलं की टाळूला मधोमध मोठी फट. गल्लीतल्या बायांनी लगेच निकाल लावून टाकला, की रोहिणीने ग्रहणात भाजी चिरली असणार. रोहिणी माझी बायको. ती शपथेवर सांगायची, की त्या दिवशी तिने विळीला हातसुद्धा लावला नव्हता. पण एकदा गल्लीने ठरवलं की सुप्रीम कोर्टातही अपील चालत नाही.

टाळूच्या मुलांना बोलता येतं, पण सगळं नाकातून येतं. डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं. तोंडात हवा कोंडली तरच प, ब, ट, ड ही अक्षरं फुटतात. फटीतून हवा निघून गेली की उरतात फक्त म आणि न. दीपू सव्वा वर्षाची झाली होती आणि तिच्याकडे खरोखर म आणि न एवढाच माल होता. बोलणं सुरू व्हायच्या आत टाळू शिवली तर बोलणं सरळ येतं. आणखी एक वर्ष गेलं की जिभेला वाकड्या सवयी लागतात आणि मग त्या मोडता मोडत नाहीत. म्हणून त्याच हिवाळ्यात ऑपरेशन व्हायला हवं होतं.

दर हिवाळ्यात त्या दवाखान्यात एका संस्थेची डॉक्टर मंडळी येतात. मुंबईचे असतात, एक-दोघं परदेशातले असतात. आठवडाभर मुलांची ऑपरेशनं करतात, एक पैसा घेत नाहीत. हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचं निम्मं काम शिकवण्याचं असतं, हे फार कमी लोकांना माहीत आहे. आपले डॉ. धर्मेंद्र वसावे त्यांच्याच हाताखाली टाळू शिवायला शिकले. भूल देणाऱ्या डॉ. ममता मॅडम लहान मुलांना भूल द्यायला त्यांच्याकडूनच शिकल्या. आणि ऑपरेशननंतर मूल शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या श्वासावर पहारा द्यायचा, ते काम रिना सिस्टरला शिकवलं गेलं.

रिनाचा पाडा धडगावच्याही वर, जिथे गाडी जाते त्याच्या पुढे अजून चालावं लागतं. वडील करमसिंग आणि आई भुरीबाई दिवाळीनंतर गुजरातेत ऊस तोडायला जायचे आणि होळीला परत यायचे. रिना आश्रमशाळेत राहिली. वडिलांची इच्छा होती की पोरीने मास्तरीण व्हावं. कारण त्यांच्या पाड्यावरचा मास्तर सोमवारी दुपारी यायचा आणि शुक्रवारी सकाळी जायचा, आणि करमसिंगभाऊंना जगात याहून चांगली नोकरी दिसत नव्हती. हे रिना स्वतःच हसत हसत सांगते. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा वसतिगृहात सगळ्या मुली सपाटीवरच्या, अहिराणी बोलणाऱ्या. हिला घरची पावरी येत होती आणि शाळेतली पुस्तकी मराठी. पहिले काही महिने ती गप्प राहूनच जेवली. मग अहिराणी अशी शिकली, की आता माझी आई म्हणते, “ही पोर आपली शे, चुकीसन डोंगरमा जल्मनी.”

तिला शिकवणारी मुंबईची एक वयस्कर सिस्टर होती. पहिल्या हिवाळ्यात ती रिनाला म्हणाली, नुसतं बघ. दुसऱ्या हिवाळ्यात रिनाच्या हातावर स्वतःचा हात ठेवून काम करवून घेतलं. तिसऱ्या हिवाळ्यात त्या बाईने दोन्ही हात स्वतःच्या कोटाच्या खिशात घातले आणि ते बाहेर काढले नाहीत. रिना म्हणते, ती बाई रागावली असती तरी चाललं असतं, पण ते खिशातले हात पाहून घाम फुटायचा.

आम्ही भरती झालो तो त्यांच्या आठवड्याचा शेवटचा मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दीपूचा नंबर, आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने बाहेरची मंडळी सुरतेला जाऊन पुढे विमान पकडणार होती. रात्रीपासून पोरीला काही द्यायचं नाही, पहाटे सांगू तेवढं घोटभर पाणी आणि पुढे तेही नाही, हे आम्हाला चार वेळा सांगितलं होतं. रोहिणी त्या बाबतीत कडक. पोर रडून रडून लाल झाली तरी ती हलली नाही. पहाटेचं घोटभर पाणी पाजलं आणि भांडं पालथं घालून ठेवलं. मी पोरीला खांद्यावर टाकून ओसरीत फेऱ्या मारत होतो. बाहेर उन्हात वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांचा ठसका सुटला होता. शिवलेल्या मुलांना खोकला लागू नये म्हणून रिनाने वॉर्डाच्या खिडक्यांना ओली फडकी लावून घेतली होती. मला आपलं वाटलं, कोणीतरी धुणं वाळत घातलं आहे.

सकाळी ऑपरेशनच्या खोलीत न्यायच्या आधी रिना आली. सवयीप्रमाणे खाली बसली, माझ्या आईच्या शेजारी. आईचं नाव भिकुबाई. आईने आंघोळ केली होती, कपाळाला गंध होतं.

“माय, सकाळमा देवनं काय दिधं पोरले?” रिनाने विचारलं.

पोरीला काही खायला घातलं का, असं तिने विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर आई नाही म्हणाली असती, आणि ते तिच्या मनाने खरंच असतं. रिना असं का विचारते, त्यालाही कारण आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्याच डोंगरातलं एक पोर आलं होतं. घरच्यांनी निघताना शिवेवरच्या देवाला निवद दाखवला आणि त्यातलं थोडं पोराच्या तोंडात घातलं होतं. खाऊ घातलं का, असं विचारल्यावर सगळ्यांनी अगदी प्रामाणिकपणे नाही सांगितलं. पोराला भूल दिल्यावर ते पोटातलं वर आलं. पोर वाचलं, पण फार कठीण गेलं. तेव्हापासून प्रत्येक मुलाच्या आजीजवळ बसायचं आणि हा प्रश्न विचारायचा, हे तिने ठरवून टाकलं. मुंबईच्या मंडळींनीही ते लगेच मान्य केलं.

आई म्हणाली, “काय नही वं. जराखा पेढा. प्रकाशा गावना महादेवना परसाद शे तो. काल येताना लीधा व्हता.”

“कवय दिधा?”

“आतेच. ही अंघोळले गयी व्हती तवय.” आईने रोहिणीकडे बोट दाखवलं. “परसादले काय खाणं म्हणतस का?”

रोहिणीने दोन्ही हात डोक्याला लावले. मी आईवर असा ओरडलो, की ओसरीच्या टोकाला झोपलेली माणसं उठून बसली. आई बिचारी माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या हिशोबात तिने पोरीसाठी त्या सकाळी सगळ्यात महत्त्वाचं काम केलं होतं. चतुर्थीच्या उपासाला प्रसाद चालतो, एकादशीला चालतो, मग इथेच का चालू नये?

रिनाने माझं ओरडणं संपू दिलं. मग आईचा हात हातात घेतला. “परसादच शे तो, माय. पण पोटले कोठे समजस, परसाद शे का पेढा शे? पोर झोपनी का तो वर येस आणि छातीमा जास. आज नही करानं. तुम्ही सांगं, हे लई चांगलं करं.”

मग ती माझ्याकडे वळून साध्या मराठीत म्हणाली, “ओरडून झालं असेल तर पाणी प्या, भाऊ. आजी बोलल्या म्हणून पोर आज धड आहे.”

दुपारी चौकशी केली. यादी भरलेली होती, मधे जागा नव्हती. पेढा उतरायला जो वेळ द्यायचा तो देईपर्यंत बाहेरच्या डॉक्टरांची निघायची वेळ होत होती. घाईगर्दीत टाळू शिवायची नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात नक्की, म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात दीपू सव्वादोन वर्षांची होणार होती. आमचं हे सगळं बोलणं चाललेलं असताना डॉ. वसावे येऊन उभे राहिले. म्हणाले, “उद्या सकाळी मी करतो. इथे मी त्यांच्यासमोर पुष्कळ टाळू शिवल्या आहेत. भूल ममता मॅडम देतील. बाहेरचं कोणी नसताना आमची ही पहिलीच असेल, ते तुमच्यापासून लपवत नाही.”

आमच्या भागाची एक रीत आहे. दुखणं साधं असलं तर शहादा, जरा वाढलं तर नंदुरबार आणि जिवावरचं असलं तर गाडी थेट सुरतेला. आपल्याच जिल्ह्यात जन्मलेला डॉक्टर सर्दीपुरता चांगला, असं सगळेच धरून चालतात. माझा मेहुणा फोनवर म्हणत होता, गाडी पाठवतो, आत्ताच्या आत्ता सुरतेला चला. मी हो म्हणायच्या बेतात होतो. रोहिणी पोरीचं तोंड उघडून त्या फटीकडे बघत होती.

तेवढ्यात आई उठली. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ती सरळ रिनाकडे गेली, ऑपरेशनच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “तू मधमा ऱ्हाशी का?”

“ऱ्हासू, माय.”

“पोर जागी व्हईलोंग?”

“जागी व्हई, रडी, तुन्हा मांडीवर येई. तवलोंग मी कोठेच जास नही.”

नंतर मला कळलं, की दुसऱ्या दिवसापासून रिनाची सुट्टी होती. आठवडाभर ती घरी गेली नव्हती आणि पाड्यावर भुरीबाई तिची वाट बघत होती. त्याबद्दल ती तेव्हाही बोलली नाही आणि नंतरही नाही. मला ते डॉ. वसाव्यांकडून समजलं.

आई माझ्याकडे वळली. “सुरतले जावानं नही. आठेच करा.” मग जरा थांबून म्हणाली, “सुरतमा मन्हाशी कोण अशी बठी?”

माझं आणि आईचं जन्मात एवढ्या लवकर एकमत झालं नव्हतं. मेहुण्याला नको म्हणून कळवलं. संध्याकाळी बाहेरची मंडळी निघाली. ती वयस्कर सिस्टर जाताना रिनापाशी थांबली. आपले दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, रिनाकडे बघून मान हलवली आणि गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिनाने दीपूला माझ्या हातातून घेतलं. पोर भुकेने चिडलेली, तिने रिनाच्या गालावर एक चापट दिली. आईने त्या दिवशी पोरीला फक्त नमस्कार करायला लावला आणि हात मागे बांधून उभी राहिली, जणू स्वतःच्या हातांचा भरवसा नव्हता.

वेळ किती लागला ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळाकडे बघितलं नाही. डॉ. वसावे बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. “छान झालं,” म्हणाले. पण दारावरच्या काचेतून मला आतली पलीकडची खोली दिसत होती. तिथे दीपूला कुशीवर झोपवलं होतं आणि रिना तिच्या तोंडाशी वाकून बसली होती.

आणि तेवढ्यात मी पाहिलं, की पोरीची छाती वर येते आहे पण नीट येत नाही. ओठांचा रंग बदलायला लागला. रिनाने ओरडाआरडा केला नाही, धावपळ केली नाही. तिने दोन बोटांनी पोरीचा जबडा पुढे उचलला, दुसऱ्या हाताने नळी घेऊन तोंडातलं रक्त आणि लाळ ओढून काढली, ऑक्सिजन तोंडावर धरला आणि मान न वळवता ममता मॅडमला हाक दिली. मॅडम आल्या तोवर पोरीने एक मोठा श्वास घेतला होता. मॅडमनी तपासलं, रिनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या. मागे कोणी मोठी सिस्टर नव्हती, मुंबई नव्हती, परदेश नव्हता. दोघी आमच्याच जिल्ह्यातल्या बाया होत्या. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी जे वाटलं, त्याला उपकार हा शब्द फार लहान आहे. मी काचेवर कपाळ टेकून रडलो, आणि हे म्हसावदमध्ये कोणाला सांगू नका.

दीपू जागी झाली, रडली, आणि कबूल केल्याप्रमाणे आईच्या मांडीवर आली. तेव्हा कुठे रिना डबा उघडून जेवायला बसली.

पुढचे दिवस रोहिणीचे. पोरीने तोंडात हात घालू नये म्हणून दोन्ही कोपरांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधलेल्या. बोंडल्याने पातळ पेज भरवायची, भाकरीचा कणही नको. वॉर्डात एकदा रोहिणीने ग्रहणाची गोष्ट रिनाला सांगितली. रिना हसली आणि म्हणाली, “ताई, ग्रहणात भाजी चिरणाऱ्या बाया काय कमी आहेत? सगळ्यांची पोरं इथे आणली तर मला जिल्हाभर खाटा टाकाव्या लागतील.” सव्वा वर्ष मी समजूत घालत होतो ती रोहिणीला कधी पटली नव्हती. रिनाचं हे एक वाक्य पटलं. घरी आल्यावर गल्लीत विषय निघाला, तेव्हा तिने तेच वाक्य तोंडावर मारलं आणि गल्ली गप्प झाली.

टाळू शिवून भागत नाही. हवा तोंडात कोंडायला पोरीला शिकवावं लागतं. तेही रिना त्या मंडळींकडून शिकली होती. नंदुरबारहून धडगावला जाणारी एसटी म्हसावदवरून जाते. सुट्टीला घरी जाताना ती आमच्याकडे उतरायची, तासभर दीपूशी खेळायची आणि पुढच्या गाडीने डोंगरात जायची. खेळ म्हणजे काय, तर कापसाचा पुंजका फुंकायचा, पाण्यात नळीने बुडबुडे काढायचे, आरशासमोर गाल फुगवून फट्कन सोडायचे. माझ्या दुकानातल्या ठिबकच्या नळीचे तुकडे यात फार खर्ची पडले. माझी आई, रोहिणी आणि रिना, तिघी ओट्यावर बसून गाल फुगवायच्या आणि दीपू त्यांच्याकडे बघून नुसती हसायची. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पोर दूध नीट पीत होती, नाक कोरडं होतं, पण अक्षरांच्या बाबतीत म आणि न यांच्या पुढे गाडी सरकत नव्हती. मी रिनाला विचारलं, “झालं नाही का ते ऑपरेशन नीट?” ती म्हणाली, “टाळू घट्ट आहे. वाट पाहा.” पण निघताना तिचाही चेहरा उतरलेला असायचा, ते मला दिसत होतं. पोरीला बोलायला नाही आलं, तर इथल्या डॉक्टरांनी स्वतःच्या बळावर केलेल्या पहिल्याच कामाला बट्टा लागणार होता, आणि ती गोष्ट तिच्याही मनात असणार.

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. रिना आली, खेळून झालं, एसटी आली. मी दीपूला कडेवर घेऊन स्टँडवर पोचवायला गेलो होतो. रिना खिडकीशी बसली, तिने हात हलवला, गाडी सुटली. गाडी चौकातून वळली आणि माझ्या कानाशी आवाज आला.

“टाटा.”

नाकातला नाही. तोंडातला. चांगला खणखणीत ट, दोन वेळा. मी पोरीकडे पाहिलं, ती वळणावरच्या गाडीकडे बघून हात हलवत होती. बाजूच्या चहावाल्याला म्हटलं, ऐकलंस का? त्याला काय कळणार, त्याच्याकडे सगळ्यांचीच पोरं टाटा म्हणतात.

मी पोरीला मोटरसायकलवर पुढे बसवलं आणि एसटीच्या मागे सुटलो. पुढच्या फाट्याच्या अलीकडे गाडी गाठली आणि हॉर्न वाजवत समोर आडवी घातली. ड्रायव्हरने जे म्हणायचं ते म्हटलं, त्याची चूक नाही. कंडक्टर खाली उतरला, “काय व्हयनं भो, कोणी पडनं का?” मी खिडकीखाली जाऊन पोरीला वर उचललं. रिना घाबरून अर्धी बाहेर आली होती.

“बोल,” मी पोरीला म्हटलं. “सिस्टरला काय म्हणालीस, बोल परत.”

दीपूने तोंड घट्ट मिटलं. माझ्यासारखीच हट्टी आहे. मी गोंजारलं, विनवलं, डोळे वटारले. गाडीतली माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघत होती. कंडक्टर म्हणाला, “भाऊ, उशीर व्हई ऱ्हायना.” रिना म्हणाली, “राहू द्या भाऊ, पुढच्या वेळी,” पण मी कशासाठी आलो आहे ते तिला कळलं होतं, कारण बोलताना ती पोरीच्या तोंडावरून नजर हटवत नव्हती. शेवटी मी बाजूला झालो, कंडक्टरने दोरी ओढली, गाडी हलली.

आणि गाडी हलल्यावर दीपूने हात वर केला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “टाटा, टाटा, टाटा.”

रिनाने ऐकलं. त्या दिवशी दवाखान्यातल्या काचेमागे ती डगमगली नव्हती. आता तिने ओढणी तोंडावर घेतली आणि खिडकीच्या गजाला डोकं टेकवलं. तिच्या शेजारची बाई तिला काय झालं ते विचारत होती. गाडी डोंगराच्या रस्त्याला लागेपर्यंत दीपू हात हलवत होती, आणि मीही.